बोटांना पटेल तो लॅपटॉप

माझा जुना लॅपटॉप बंद पडला तेव्हा मी चौथीच्या मुलांसाठी निघणाऱ्या एका स्वाध्यायपुस्तिकेचं प्रूफ वाचत होते. बोटांखालच्या ब्रेलच्या टाचण्या एकदम खाली बसल्या आणि नुसती सपाट पट्टी हाताला लागली. वायर निघाली असेल म्हणून चाचपून पाहिलं, तर वायर जागेवर. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कसला गं वास येतोय? काही जळतंय का तुझ्याकडे?"

जळतच होतं. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं आणि सांगून टाकलं, "ताई, मदरबोर्ड गेला. ह्याच्यावर आता खर्च करू नका."

मी डोंबिवलीत आईबरोबर राहते. ठाण्याची एक प्रकाशन संस्था शाळकरी पुस्तकं काढते, तिची मी मुद्रितशोधक आहे. फाइल घरी येते, मी चुका काढून परत पाठवते. मला दिसत नाही. दुसरीत असताना डोळ्यांचं दुखणं सुरू झालं आणि चौथीत जायच्या आत दिसणं पूर्ण बंद झालं. तोवर बाराखडी डोळ्यांनी शिकून झाली होती. पुढचं सगळं शिक्षण ब्रेलमध्ये झालं.

न दिसणारी बाई प्रूफं वाचते म्हटलं की लोक जरा थांबतात. मग मी त्यांना ब्रेल डिस्प्ले दाखवते. लांबट, चपटी पेटी असते. तिच्या पुढच्या काठाला बारीक टाचण्यांची एक ओळ. लॅपटॉपच्या स्क्रीनवर जी ओळ असेल ती या टाचण्या वर येऊन ब्रेलमध्ये लिहितात. वाचून झाली की बटण दाबायचं, टाचण्या सळसळतात आणि पुढची ओळ हाताखाली येते. ही पेटी मी लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवते. टाइप करताना हात वर कीबोर्डवर, वाचताना खाली टाचण्यांवर. दिवसभर हे वरखाली चालू असतं. माझी पेटी जुनी आहे, पण नवीच्या किमतीत दोन-तीन चांगले लॅपटॉप येतील, त्यामुळे बदलायचा तो लॅपटॉप. पेटी नाही.

आईने त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, राहायला डोंबिवलीतच, पण पश्चिमेला. कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे घरातली यंत्रं आणायचा मान त्याचा. टीव्ही, मिक्सर, आईचा मोबाइल, सगळं त्याच्या पसंतीचं. मी म्हटलं, "दादा, मी ठरवते आणि तुला सांगते." तो म्हणाला, "हो हो, निवांत ठरव." आणि चार दिवसांनी एक खोकं घेऊन दारात हजर.

"उघड," तो म्हणाला. आवाजावरून कळत होतं की तो हसतोय. "भाऊबीज आधीच आली समज."

लॅपटॉप खरंच देखणा असणार, कारण आई दोनदा "अगंबाई" म्हणाली. हाताला थंडगार, इतका पातळ की पाटीसारखा वाटला. एका हाताने उचलला तर वजनच जाणवेना. दादा एकेक गुण सांगत होता. बॅटरी दिवसभर चालते, पंखा नाही म्हणून आवाज नाही, आणि अगदी नव्या प्रकारचा प्रोसेसर आहे. मी कडांवरून बोट फिरवलं. दोन्ही बाजूंना मिळून वायर लावायच्या दोनच खाचा, त्याही बारीक. माझ्या पेटीची वायर जुन्या रुंद टोकाची. दादा म्हणाला, "त्याला जोड मिळतो ना, मी आणलाय." त्याने सगळा विचार केला होता असं त्याला वाटत होतं.

जोड लावला, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं, ते बोलायला लागलं. पेटी मात्र गप्पच. बंद केली, चालू केली, दुसऱ्या खाचेत लावली. टाचण्या हलल्या नाहीत. शेवटी पेटी विकणाऱ्यांना मी फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी लॅपटॉपचं नाव ऐकलं आणि उसासा टाकला. "मॅडम, ह्या प्रोसेसरसाठी आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे पेटी चालवणारं सॉफ्टवेअर, बनलेलंच नाहीये. बनेल असंही वाटत नाही. वायरशिवाय जोडून बघा, कधी कधी चालतं."

वायरशिवाय जोडल्यावर टाचण्या उठल्या. आईने टाळीसुद्धा वाजवली. पण मी एखाद्या शब्दावर विचार करत जरा थांबले की जोडणी सुटायची आणि परत जुळवावी लागायची. प्रूफ वाचणारा माणूस थांबतोच. तेच तर त्याचं काम.

"दादा, हा परत करावा लागेल," मी म्हटलं.

दादाने पेटी जरा बाजूला सरकवली. मग तो म्हणाला, "अगं, पण तो बोलतोय ना? व्यवस्थित वाचून दाखवतोय. टाचण्या हव्यातच कशाला? आता सगळे ऐकूनच काम करतात."

तो रागावला नव्हता, त्याला लागलं होतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. म्हणून वाद न घालता मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "डोळे मीट. दोन वाक्यं ऐकवते. फरक सांग." लॅपटॉपच्या बाईने आपल्या सपाट आवाजात वाचलं, 'शाळेत शिक्षक दिन साजरा झाला.' मग दुसरं, 'शाळेत शिक्षक दीन साजरा झाला.'

"एकच तर वाक्य आहे," दादा म्हणाला.

"आता डोळे उघड आणि स्क्रीनवर बघ."

त्याने बघितलं आणि फस्सकन हसला. आई म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "आई, दुसऱ्या वाक्यात शिक्षक गरीब बिचारा झालाय."

"हे मागच्या वर्षीच्या पुस्तकात खरंच होतं," मी सांगितलं. "छापायला जाणार होतं. कानाला दिन आणि दीन एकच. शिर आणि शीर एकच. मुलगा परीक्षेत लिहितो ते आपल्या पुस्तकात वाचलेलंच. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे तिरके दोन ठिपके, आणि दीर्घ ई म्हणजे तेच दोन ठिपके एक पायरी खाली. बोट त्याच्यावर अडखळतंच. मला ह्या कामाचे पैसे मिळतात ते बोट अडखळतं म्हणून."

त्याने पेटीवर बोट ठेवून पाहिलं. वायरशिवायची जोडणी तेवढ्यापुरती टिकली. "मला सगळं सारखंच लागतंय," तो म्हणाला, जरा कमी आवाजात. मग म्हणाला, "बरं. ऑनलाइन घेतलाय, परत करतो. पण पुढचा तू निवड. मी नुसता गाडी चालवतो."

रविवारी आम्ही ठाण्याला निघालो. खाडीवरचा मोठागावचा पूल झाल्यापासून दादाला ठाणं म्हणजे शेजार वाटतं, तो शिळफाट्याच्या वळशाचं नावही काढत नाही. मांडीवर पेटी, पर्समध्ये वायर आणि पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हमध्ये स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर असं ठेवलं होतं की ते कुठल्याही लॅपटॉपवर न बसवता चालावं. वाटेत दादा दोनदा म्हणाला, "दुकानात जरा मऊ बोल हं." मी म्हटलं, "मी मऊच बोलते. मला हवं ते मिळेपर्यंत बोलते एवढंच."

दुकान मोठं होतं. आत शिरल्याशिरल्या गार हवा आणि एकाच वेळी चालणाऱ्या पन्नास टीव्हींचा गलका. लॅपटॉपच्या टेबलांपाशी एक मुलगी पुढे आली. आवाजावरून पंचविशीची असावी.

"सर, मॅडमसाठी काय बघताय? नुसतं गाणीबिणी ऐकायला?"

पूर्वी दादाने उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तो म्हणाला, "मला नका विचारू. घेणारी ती आहे, वापरणारी ती आहे. मी ड्रायव्हर."

मुलगी क्षणभर गोंधळली, पण लगेच माझ्याकडे वळली. तिचा आवाज वळला ते कळलं. "सॉरी मॅडम. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. लेखनाचं काम, त्यामुळे चित्रांसाठी, खेळांसाठी काही नको. स्क्रीन कितीही सुमार चालेल. प्रोसेसर नेहमीच्या जुन्या जातीचा हवा. वायर लावायची रुंद खाच डाव्या बाजूला हवी, कारण माझ्या पेटीची वायर डावीकडून निघते. उजवीकडून फिरवून आणली की ती हाताखाली येते. आणि कीबोर्ड मी हाताने बघणार.

"स्क्रीन सुमार चालेल असं म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं," ती म्हणाली, आणि तिथून आमचं जमलं.

तिने मला टेबलापासून टेबलापर्यंत नेलं. हात धरून ओढलं नाही, स्वतःचा कोपर पुढे केला. कसं कळलं तिला, कोण जाणे. प्रत्येक लॅपटॉपवर मी आधी कडा चाचपायचे, मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवायचे. पहिल्याचा टचपॅड पसरट ताटाएवढा. टचपॅड जितका मोठा तितका कीबोर्ड मागे सरकतो, आणि माझ्या हातांना टाचण्यांपर्यंत यायला तितकं अंतर जास्त. दिवसभरात तेच मनगटाला भारी पडतं. दुसऱ्याच्या वरच्या ओळीतली बटणं एकमेकांना चिकटलेली, चार-चार बटणांनंतर जी फट असते ती नाही. त्या फटीवरून माझं बोट मोजतं. तिसरा सगळ्या बाजूंनी बरा वाटला, पण डिलीटच्या बटणाला खेटून बंद करायचं बटण.

"हे असं का करतात?" मी विचारलं.

"स्लिम दिसतो ना मॅडम."

"मी दिवसातून शंभर वेळा डिलीट दाबते. शंभरातून एकदा जरी बोट सरकलं तरी सगळा कारभार बंद."

ती हसली. म्हणाली, "थांबा. एक आहे, पण तो आम्ही पुढे मांडत नाही. ऑफिसवाले गठ्ठ्याने नेतात. दिसायला अगदीच हा आहे."

मागच्या टेबलावरून तिने तो आणला. जाड, खरखरीत, प्लास्टिकचा. झाकण उघडताना कुरकुरलं. पण बटणं खोलगट होती, दाबली की दाबल्यासारखी वाटायची. चार-चारांत फट होती. इन्सर्टचं बटण वेगळं होतं, आणि स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सारखं लागतं. टचपॅड तळहातात मावेल एवढा. डाव्या कडेला दोन रुंद खाचा शेजारीशेजारी. मला तो लगेच आवडला. पण आधीचा अनुभव ताजा होता, म्हणून मी म्हटलं, "आता पेटी लावून बघू."

तिथे गाडी अडली. मुलगी मॅनेजरला घेऊन आली. तो सभ्यपणे, पण ठामपणे म्हणाला, "मॅडम, बाहेरचा डिव्हाइस आणि पेनड्राइव्ह डेमो पीसला लावता येत नाही. पॉलिसी आहे. व्हायरसचा इश्यू होतो. तुम्ही घेऊन जा, घरी लावा, नाही चाललं तर बघू ना."

"नाही चाललं तर परत घ्याल?"

"उघडलेला बॉक्स परत होत नाही. कंपनीच्या सर्व्हिसला द्यावा लागेल."

"म्हणजे चालतो की नाही हे न बघताच घ्यायचा?"

"तसं नाही मॅडम, चालेलच. सगळ्यांचं चालतं."

दादा माझ्या शेजारी चुळबुळायला लागला. त्याला वाटलं आता मी भांडणार. मी भांडले नाही. मॅनेजरला विचारलं, "तुम्ही चप्पल घेताना पाय घालून बघता ना?"

"हो, म्हणजे..."

"दुकानदार म्हणाला की पाय घालू नका, मळेल, घरी नेऊन बघा, तर घ्याल? माझे डोळे म्हणजे ही पेटी. सगळी गिऱ्हाइकं तुमच्या दुकानात स्क्रीन बघून लॅपटॉप घेतात. मलाही बघूनच घ्यायचाय. पेनड्राइव्ह आधी तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. तुमच्या सर्व्हिस काउंटरवर लावा, पेनड्राइव्हला मी हात लावणार नाही. मी बसते इथे, मला घाई नाही."

खुर्ची कुठे आहे ते मी मघाशीच ऐकून ठेवलं होतं. जाऊन बसले, पेटी मांडीवर. मुलगी मॅनेजरला हळूच काहीतरी म्हणाली, त्यातलं "सर, डेमो पीस जुनाच आहे" एवढं मला ऐकू आलं. तो कुणाला तरी फोन करायला गेला. आला तेव्हा म्हणाला, "ठीक आहे. सर्व्हिस काउंटरवर. पण एकच पीस."

"एकच पुरे," मी म्हटलं.

काउंटरवरच्या माणसाने पेनड्राइव्ह तपासला, सॉफ्टवेअर सुरू केलं. लॅपटॉपमधून बाईचा आवाज आला. मी पेटी पुढ्यात सरकवली, वायर डावीकडच्या खाचेत लावली आणि बोटं पट्टीवर ठेवली. एक क्षण काही नाही. दादा काउंटरवर पुढे वाकला. मग टाचण्या उठल्या. तो 'सर्र' आवाज मला कुठेही ओळखू येतो.

मुलीला मी सांगितलं, मराठीत काहीही टाइप करा, मला सांगू नका. आवाज मी बंद केला. तिने टाइप केलं आणि मी वाचलं, "'मॅडमना हा लॅपटॉप आवडूदे, माझं टार्गेट बाकी आहे.' 'आवडू दे' दोन शब्द आहेत, मध्ये जागा सोडा." काउंटरच्या पलीकडे दोघं-तिघं मोठ्याने हसले, त्यात मॅनेजरही होता. मग मी मुद्दाम हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. दादा कुजबुजला, "काय झालं?" मी म्हटलं, "थांबलेय. थांबल्यावर सुटतो का बघतेय." मॅनेजरने येऊन दोनदा विचारलं. मी सावकाश हात परत ठेवले. वाक्य जिथल्या तिथे होतं. लॅपटॉप झोपवला, उठवला, वायर काढली, परत लावली. प्रत्येक वेळी टाचण्या आल्या.

"हाच," मी म्हटलं. "ह्याच जातीचा नवा बॉक्स द्या, आणि बिल करण्याआधी तोही एकदा लावू."

मॅनेजरने लगेच माणूस पाठवला. नवा बॉक्स आला, तोही चालला, बिल झालं. आम्ही परत निघालो. कशेळीच्या आसपास दादा म्हणाला, "मी कंपनीसाठी चाळीस लॅपटॉप निवडलेत. एकालाही असं तपासलं नाही." मी म्हटलं, "तुला गरज पडली नसेल." तो म्हणाला, "हं." आणि घरी आल्यावर आईला सगळी गोष्ट त्यानेच सांगितली, चपलेच्या उदाहरणासकट. थोडी वाढवूनच.

ती पुस्तिका वेळेत गेली. प्रकाशनातल्या संपादकबाईंनी विचारलं म्हणून दुकानाची हकिकत सांगितली, ती त्यांनी त्यांच्या ओळखीत सांगितली, आणि महिन्याभरात मला ठाण्यातल्या बाळकुमहून फोन आला. एक निवृत्त बँक अधिकारी होते. नजर गेली ती पन्नाशीनंतर. ब्रेल शिकले तेही त्यानंतर, हट्टाने. मुलाने नुकताच छोटा ब्रेल डिस्प्ले घेऊन दिला होता. "तुम्ही घेतलात तोच लॅपटॉप मला घ्यायचाय," ते म्हणाले. "मॉडेल सांगा, मी मागवतो."

"मागवू नका," मी म्हटलं. "मी येते."

फोनवरून टॅक्सी बोलावली आणि गेले. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टपाशी ते स्वतः न्यायला आले होते, आणि आम्ही दोघं पांढऱ्या काठ्या टेकत त्यांच्या दारापर्यंत गेलो. त्यांच्या पत्नी, काकू, चहा टाकायला आत गेल्या. मी त्यांचा डिस्प्ले हातात घेतला. माझ्यापेक्षा निम्मा, आणि टाचण्यांच्या वर ब्रेल लिहायची सहा बटणं. मी कीबोर्डची गोष्ट सुरू केली. बटणं खोलगट हवीत, चार-चारांत फट हवी, टचपॅड छोटा हवा. ते शांतपणे ऐकत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मला टाइपिंग येत नाही. बँकेतही दोन बोटांनी शोधत बसायचो. मी लिहिणार ह्या सहा बटणांवर. लॅपटॉपचं झाकण मी उघडणारच नाहीये."

मी डिस्प्ले खाली ठेवला. मग मला हसू आलं, आणि ते थांबेचना. मी इतक्या ठामपणे बोलत होते आणि त्या माणसाला कीबोर्डच नको होता. तेही हसायला लागले. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, "काय झालं, मलाही सांगा."

मग आम्ही त्यांच्यासाठी नव्याने विचार केला. त्यांना हवा होता हलका लॅपटॉप, झाकण बंद असतानाही जागा राहणारा, आणि वायरशिवाय डिस्प्लेला चिकटून राहणारा. खाचा कुठेही चालतील, कीबोर्ड कसाही चालेल. आम्ही त्याच दुकानात गेलो. त्या मुलीने माझा आवाज ऐकून लगेच ओळखलं आणि मॅनेजरला न विचारताच सर्व्हिस काउंटर मोकळा केला. काकांनी निवडला तो मी स्वतःसाठी कधीच घेतला नसता असा होता. पाटीसारखा पातळ. झाकण मिटून काउंटरच्या एका टोकाला ठेवला, ते दुसऱ्या टोकाला उभे राहून लिहीत होते, आणि टाचण्या एकदाही खाली बसल्या नाहीत.

आता तो लॅपटॉप त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात उभा असतो, मिटलेला. ते गॅलरीत बसून मांडीवरच्या छोट्या पेटीवर लिहितात. आम्ही मेलची सगळी जुळवणी केली त्या दुपारी त्यांनी पहिली मेल बंगळुरूच्या मुलाला लिहिली, आणि पाठवायच्या आधी मला म्हणाले, "जरा शुद्धलेखन बघता का?" मी पेटी माझ्याकडे ओढली. त्यांनी मुलाला लिहिलं होतं की पुढच्या वेळी येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, मी आता स्वतः बघून घेतो. दोन चुका होत्या. त्या कुठे आहेत ते मी सांगितलं आणि त्यांनी स्वतः सुधारल्या.